अर्ध्या इंचाची दोरी

आमच्या लग्नाच्या फोटोत हे स्टुलावर उभे आहेत. स्टूल दिसत नाही. फोटोग्राफर हुशार होता, त्याने माझ्या पांढऱ्या साडीचा घोळ ओढून स्टुलाच्या पायांपुढे पसरला आणि उरलेली फट एका कुंडीने झाकली. त्यामुळे फोटोत आम्ही दोघं सारख्या उंचीचे दिसतो, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर जो गंभीर भाव आहे तो संसाराच्या जबाबदारीचा नसून खाली पडण्याच्या भीतीचा आहे. नातवंडं तो फोटो काढून विचारतात, आजी, तू एवढी उंच कशी गं? मी सांगते, दोरीवरच्या उड्या मारल्या म्हणून. मग सूनबाई ती संधी सोडत नाही. बघा, आजीसारखं करा, ठेवा तो मोबाईल. आणि कपाटातून ती नवी रबरी दोरी बाहेर निघते, जिच्या मुठीत उड्या मोजणारं यंत्र बसवलेलं आहे. मोजायला माणूस लागत नाही. पोरं गच्चीत उड्या मारायला लागली, दोरी फरशीवर आपटायला लागली, की मी वरणाला फोडणी द्यायची राहिल्यासारखी उठून आत जाते. फोडणी देऊन झालेली असते. घरात हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही, किंवा आलं असेल तर म्हातारीचा चळ म्हणून सोडून दिलं असेल.

आमचं घर मिलच्या मागच्या वस्तीत होतं. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं म्हणजे कौलांचं छप्पर, आत दोन खोल्या आणि पुढे छपरी. छपरी म्हणजे तीन बाजूंनी उघडी, लाकडी खांबांवरची ओसरी. पाहुणा आला की तिथे खाट पडायची, पाऊस आला की तिथे गोवऱ्या यायच्या, परीक्षा आली की तिथे मी. जमीन मातीची, शेणाने सारवलेली. भिंत पांढऱ्या मातीने पोतारलेली आणि तळाशी चार बोटं रुंदीचा गेरूचा पट्टा, इकडून तिकडे सरळ ओढलेला. तो पट्टा म्हणजे मायचा अभिमान होता. घरात घड्याळ नव्हतं आणि लागतही नव्हतं. मिलच्या पहिल्या भोंग्याला माय चूल पेटवायची, दुसऱ्या भोंग्याला बाबा डबा घेऊन निघायचे. डब्यात ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी नाहीतर लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण, आणि एक कांदा, जो बाबा तिथेच बुक्की मारून फोडायचे. बाबा साचेखात्यात होते. कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात तीस वर्षं उभं राहून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. त्यामुळे आमच्या घरात गुपित टिकत नसे. बाबांना काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि ओरडून सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं.

दीक्षेच्या वर्षी बाबांनी घरातले देव काढले तेव्हा मायने एका शब्दानेही विरोध केला नव्हता. स्वतःच्या हाताने पाटी भरून नदीत सोडून आली. पण तिचे धाक तिने सोडले नाहीत. मांजर आडवं गेलं की ती थांबायची, रिकामा पाळणा हलवू द्यायची नाही. बाबा चिडायचे. ती म्हणायची, देव सोडा म्हटलं ते सोडले, हे सोडा असं मले कोणी म्हटलंच नाई. तिच्या ह्याच हिशेबी धाकांपैकी एकाने पुढे आमचा घात केला. अर्थात सगळं तिच्यावर ढकलून मला मोकळं होता येत नाही. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

भाऊ माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. नाव यशवंत, गल्लीत येशा, घरात भाऊ. मॅट्रिक पास झालेला, अंगाने कसलेला, दिसायला बाबांसारखा. त्याला पोलिसात जायचं होतं. आमच्या वस्तीत खाकी आली की लोक आधी दारं लावायचे आणि मग फटीतून पाहायचे की कोणाकडे आली. भाऊला वाटायचं, एकदा ती खाकी आपल्या दारातून बाहेर पडावी. बाकी मोठं कारण नव्हतं. भरतीला गेला तेव्हा धावण्यात पुढे होता, छाती फुगवली तर सदऱ्याचं बटण तुटलं. मग उंचीच्या खांबाखाली उभं केलं, वरून लाकडी फळी डोक्यावर टेकली आणि मोजणाऱ्याने मान हलवली. पाच फूट साडेचार इंच. लागत होती पाच फूट पाच. अर्ध्या इंचासाठी भाऊ घरी परत आला. वयाची मर्यादा पाहता आणखी एकदाच जाता येणार होतं, पुढच्या वर्षी.

गल्लीच्या तोंडाशी जमादारकाका राहायचे. पोलिसातून निवृत्त झालेले, म्हणून भरतीपासून बाळंतपणापर्यंत सगळ्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सांगितलं, दोरीवर उड्या मार, रोज हजार. हाडं मोकळी होतात, दोन सांध्यांमधली जागा वाढते, अर्धा इंच म्हणजे काहीच नाही. हे सांगताना त्यांनी स्वतःचे गुडघे चोळले होते हे मला आज आठवतं. मग त्यांनी टेप आणला, आजचं माप लिहून ठेवू म्हणाले. माय चुलीपुढून उठून बाहेर आली आणि तिने तो टेप त्यांच्या हातातून काढून घेतला.

"उभ्या माणसाले टाळूपासून टाचेपर्यंत नाई मोजत, जमादार," ती म्हणाली. "ते एकदाच मोजते, तिरडीचा बांबू तोडाच्या वक्ती."

बाबांना कोणीतरी हे ओरडून सांगितलं. ते कपाळावर हात मारून आत गेले. टेप परत गेला. पण उंची तर पाहायची होती, म्हणून तडजोड निघाली. भिंतीवर रेघ मारायला हरकत नव्हती, कारण रेघ भिंतीची होते, माणसाची नाही. भाऊ दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मी पाटावर चढले, माझी शाळेची पाटी त्याच्या डोक्यावर आडवी ठेवली, केस दाबले आणि पेन्सिलीने रेघ मारली. मग माझ्या कंपासातली पट्टी लावून बरोबर अर्धा इंच वर दुसरी रेघ मारली, लाल पेन्सिलीने. त्या दिवसापासून आमच्या घरात सगळे लाल रेघेकडे पाहून बोलायचे. घरातल्या सगळ्यात लहान माणसाला घरातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. पेन्सिल माझ्या हातात होती, आणि मी ती कानावर खोचून फिरायचे, सुतारासारखी.

दोरी बाबांनी आणली. मिलमधली जाड सुती दोरी आणि मुठीसाठी दोन झिजलेली लाकडी बॉबिनं, जी फेकून द्यायच्या ढिगात होती. तरी गेटवर झडती असायचीच, म्हणून त्यांनी ती रिकाम्या डब्यात घालून आणली. बाबांनी आयुष्यात केलेली ही एकच चोरी, आणि तीही कचऱ्याची. घरी येऊन घाम पुसत बसले. बॉबिनच्या भोकातून दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठी मारल्या, आणि ती बॉबिनं हातात धरली की दोरी अशी सफाईने फिरायची की गाठीला पीळ पडत नसे. सुनेच्या यंत्राच्या दोरीला ती सर नाही.

पहिल्या भोंग्याला भाऊ छपरीत उभा राहायचा आणि दुसरा भोंगा होईपर्यंत उड्या. मी उंबरठ्यावर बसून मोजायचे. गल्लीत उड्या माराव्यात तर लोक जगू देत नसत, आणि छपरीतही फारसं वेगळं नव्हतं. नळावर जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, येशा, कवेलूले डोकं लागलं का गा? भाऊ हसायचा. दोरीचा सट् सट् आवाज, कोंबड्यांची पळापळ, आतून भाकरी थापल्याचा आवाज आणि माझी मोजणी, ह्या सगळ्याचा एक ठेका बसला होता. उड्या झाल्या की भाऊला वाटीभर भिजवलेले चणे, गुळाचा खडा आणि एक अंडं मिळायचं. मला चणे भिजवलेलं पाणी मिळायचं. त्यातच खरी ताकद असते, असं माय सांगायची, आणि ज्याला चणे मिळतात त्याला हे कधीच सांगावं लागत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. भाऊ आंघोळीला गेला की मी दोरी घ्यायचे. माय ओरडायची, बाईच्या जातीले कायले पाहिजे वं उड्या, पण तिचे हात पिठात असायचे. उड्यांच्या पहिल्याच आठवड्यात शाळा सुरू झाली आणि बाईंनी आमच्या वर्गाची उंची-वजनं घेतली, त्याच संध्याकाळी मी भाऊच्या रेघांशेजारी माझीही एक रेघ मारून घेतली.

आता जमिनीचं सांगते. मातीच्या जमिनीवर रोज एकाच जागी हजार उड्या पडल्या की खड्डा पडतो. भाऊ भिंतीपासून दोन पावलांवर उडायचा. आठवड्यात तिथे परातीएवढा खळगा व्हायचा. तो बुजवायचं काम माझं. रविवारी मी नाल्याकडची पांढरी माती पाटीभर आणायचे, त्यात भुसा आणि पाणी घालून तुडवायचे, खळग्यात भरून चोपण्याने ठोकायचे आणि वरून सारवायचे. खळगा तेवढा भरला तर ठिगळ दिसतं, आणि मायला ठिगळ चालत नसे. म्हणून मी माती पसरवत पसरवत पार भिंतीपर्यंत न्यायचे, उंबऱ्यापर्यंत न्यायचे. कुठे सुरू झाली आणि कुठे संपली कळू नये अशी. पावसाळ्यात भाऊच्या टाचा दुखायला लागल्या तेव्हा माय म्हणाली, जरा जास्त टाकत जाय वं, नरम राहू दे, माह्या पोराचे पाय दुखून राहिले. मी दीड पाटी टाकायला लागले. माझं सारवण पाहायला शेजारच्या बाया यायच्या. पोरीचा हात पाहा म्हणायच्या. मला वाटायचं, भाऊ पोलीस झाला की त्यात चार आणे वाटा ह्या हाताचा.

त्या दिवसांत बाबा घराबाहेर पडताना रोज ठेचकाळायचे. उंबरठा ओलांडून पाय टाकला की तो अपेक्षेपेक्षा आधीच जमिनीवर आपटायचा. म्हातारपण आलं, पायाचा अंदाज चुकून राहिला, असं ते म्हणायचे. आम्ही हसायचो.

दिवाळीच्या सुमारास भाऊची रेघ लाल रेघेला पोचली. मी पाटी डोक्यावर ठेवली, पेन्सिल ओढली, आणि लाल रेघ पेन्सिलीखाली झाकून गेली. मी पाटावरून उडीच मारली. मायने गुळाची बोंडं तळली आणि गल्लीत वाटली. जमादारकाकांनी दोन जास्तीची घेतली, गुरुदक्षिणा म्हणून. महिन्याभराने भाऊ लाल रेघेच्याही पाव इंच वर गेला. आता नळावर जाणारे थांबून थट्टा करत नव्हते. काहींनी पोरांना दोऱ्या आणून दिल्या होत्या.

आणि मग मिलमधून निरोप आला. बाबांची नोकरी संपत आली होती, आणि त्यांच्या जागी घरातल्या एकाचं नाव बदली कामगारांत लावता येत होतं. एकदाच, एकच नाव, मागून बदल नाही. जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, शनिवारपर्यंतची मुदत दिली. बाबांना वाटत होतं भाऊचं नाव द्यावं. पोलिसाचं काय, झालं तर झालं. पण माझ्या आत्याचा मुलगा किसन रिकामा बसला होता आणि आत्या विधवा होती. भाऊ म्हणाला, मी तर जाणारच आहे, मग ही जागा वाया कायले घालवता, किसनले द्या, दोन्ही घरं चालतील. तो गर्वाने बोलला नव्हता. मिलची जागा त्याने लाथाडली असं पुढे लोक बोलले, ते मी इथे खोडून ठेवते.

त्याच आठवड्यात गुरुवारी शाळेत दुसऱ्यांदा उंची-वजनं झाली. बाईंनी माझी उंची मोठ्याने वाचली आणि पोरी हसल्या, कारण मी आता वर्गात सगळ्यात उंच होते. कार्डावर दोन रकाने होते, शाळा सुरू झाली तेव्हाचा आणि आजचा. मी वजाबाकी केली. एक इंच वाढले होते. घरी आले ती धावतच, कारण मला भिंतीवर पाहायचं होतं. भिंतीला पाठ लावून, स्वतःच्या डोक्यावर स्वतःच पाटी धरून, मी रेघ मारली आणि पट्टी लावली. पावणेदोन इंच भरले. पुन्हा लावली. पावणेदोनच. मला आधी वाटलं शाळेतला खांब खोटा आहे. मग मी पट्टी खाली ठेवायला वाकले आणि गेरूचा पट्टा दिसला. चार बोटांचा पट्टा तीन बोटांचा राहिला होता. उरलेलं एक बोट जमिनीत गेलं होतं. माझ्या सारवणाखाली.

मी तिथेच खाली बसले. पट्टीने मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. शाळा आणि भिंत ह्यांच्यात पाऊण इंचाचा फरक होता, आणि भाऊ पहिल्या दिवसापासून बरोबर पाऊण इंच वाढला होता. म्हणजे भाऊ वाढलाच नव्हता. मी त्याच्या पायाखालची जमीन वाढवली होती, दर रविवारी, शाबासकी घेत घेत.

तोंडाने सांगण्यापेक्षा हाताने निस्तरावं असं मला वाटलं. बारा-तेरा वर्षांच्या पोरीची अक्कल तेवढीच. मी खुरपं घेतलं आणि भिंतीकडची माती खरवडायला लागले. जमीन खाली गेली की रेघ आपोआप बोलेल, मला बोलावं लागणार नाही. हातभर खरवडलं असेल, तेवढ्यात माय आली. तिने पाठीत धपाटा घातला. चांगली जमीन काहून खोदून राहिली वं, तुह्या भावाच्या पायाले खडे टोचन ना. तिच्या देखत मला ते पुन्हा भरावं लागलं, ठोकावं लागलं, सारवावं लागलं. बहुतेक आधीपेक्षा थोडं जास्तच भरलं गेलं.

शुक्रवारी मी भाऊला सांगणार होते. शब्द जमवूनही ठेवले होते. भाऊ उड्या मारत होता, मी मोजत होते. हजार झाल्या तेव्हा त्याने दोरी गुंडाळली, माझ्या शेजारी उंबरठ्यावर बसला आणि आपल्या वाटीतले अर्धे चणे माझ्या ओंजळीत ओतले. तू मोजतं म्हणून होऊन राहिलं हे, असं काहीसं म्हणाला. मी चणे खाल्ले. सगळे.

शनिवारी सकाळी बाबा डबा घेऊन निघायच्या आधी जेवणाच्या जागी बसले होते. भाऊ समोर, माय चुलीपाशी. बाबांच्या मनाची तयारी होत नव्हती. ते भाऊकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे वळले. बहिऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज मोठा असतो, पण त्या दिवशी ते हळू बोलले.

"बेबी, रेघ तूच मारतं. खरं सांग, पोचला का भाऊ रेघेले?"

"हाव, बाबा," मी म्हणाले. "पोचला."

त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात धरला. मला पुन्हा सांगावं लागलं, आणि मी ओरडून सांगितलं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, की पोचला, पाव इंच वर गेला. नळावरून कोणीतरी शाब्बास म्हणालं. बाबांनी मान हलवली, डबा उचलला. उंबरठा ओलांडताना त्यांचा पाय जमिनीवर आपटला. दुपारी किसनचं नाव लागलं.

मी असं का केलं, ह्याची पुष्कळ उत्तरं मी एवढ्या वर्षांत तयार केली. लहान होते. घाबरले होते. त्याला वाईट वाटू नये म्हणून. ही सगळी उत्तरं खरी आहेत आणि एकही पुरत नाही. खरं म्हणजे मला कानावरची पेन्सिल सोडायची नव्हती. रेघ खोटी म्हटली की मी पुन्हा चण्याचं पाणी पिणारी पोर होणार होते. लग्नाच्या फोटोत कुंडी कुठे ठेवायची हे त्या फोटोग्राफरला मीच सुचवलं होतं. सवय जुनी आहे.

भरतीचा दिवस उजाडला. माय त्याला ओवाळत नव्हती, ते सोडलं होतं, पण तिने त्याच्या मुठीत गुळाचा खडा दिला. दुपार व्हायच्या आत भाऊ परत आला. इतक्या लवकर येणं म्हणजे काय ते आम्हाला मागच्या वर्षीपासून माहीत होतं. त्याने छपरीच्या खांबाला हात टेकला आणि बाबांना कळेल अशा आवाजात सांगितलं, मागच्या वर्षीएवढाच आहो. अर्धा इंच कमी. माय म्हणाली, त्यांचा खांब खोटा असन. भाऊ भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, त्याचं डोकं लाल रेघेच्या वर होतं. तो बाजूला झाला, रेघेकडे पाहिलं, मग त्याची नजर भिंतीवरून हळूहळू खाली उतरत गेली आणि गेरूच्या पट्ट्यावर थांबली.

तो आत जाऊन सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आला. दोनच घाव घातले. मातीचा पोपडा उचकटून बाहेर आला, भाकरीच्या चवडीसारखा, एकावर एक थर. सारवणाचा काळपट, मातीचा पांढरा, पुन्हा काळपट, पुन्हा पांढरा. प्रत्येक थर एक रविवार. त्याखाली गेरूचं चौथं बोट निघालं, ताजं लाल, कालच ओढल्यासारखं. आणि त्याखाली आमची जुनी जमीन. भाऊने तिच्यावर दोन्ही टाचा टेकवल्या आणि त्या खड्ड्यात भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला, जसा मैदानावर राहिला असेल.

"रेघ मार," तो मला म्हणाला.

मी पाटावर चढले. पाटी ठेवली, केस दाबले. त्याच्या केसांना मैदानावरची धूळ होती. मी पेन्सिल ओढली. नवी रेघ पहिल्या दिवसाच्या रेघेवर अशी बसली की दोन रेघा आहेत हे सांगून खरं वाटलं नसतं. बाबा ते पाहत होते. मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं, उंबरठ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या पायाकडे. कोणी मला काही म्हटलं नाही. मायने मला जवळ ओढलं आणि उलट म्हणाली, लेकराले काय समजते, मीच टाक म्हटलं होतं जास्त. भाऊने विचारलं असतं, तुले माहीत होतं का, तर मी काय सांगितलं असतं ते आजही मला सांगता येत नाही. त्याने विचारलं नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढे चाळीस वर्षांतही नाही. फक्त त्यानंतर त्याने मला काही मोजायला सांगितलं नाही. दोरी मायने कपडे वाळवायला बांधली. बॉबिनं गेली कुठेतरी.

भाऊ पुढे रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या फाटकावर चौकीदार लागला. खाकी कपडे मिळाले, टोपी मिळाली, उंची कोणी विचारली नाही. किसनने मिलच्या पगारावर दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं, फरशीचं. फरशी पाहायला आम्ही सगळे गेलो होतो. भाऊ फरशीवरून हात फिरवून म्हणाला, चांगली आहे, वाढत नाई. सगळे हसले, मीही हसले. ह्याइतका दुष्ट विनोद त्याने दुसरा केल्याचं मला आठवत नाही. मी मात्र तशीच वाढत राहिले, चण्याच्या पाण्यावर. जी उंची त्याच्या नोकरीला हवी होती ती माझ्या लग्नाच्या आड आली. तीन स्थळं मला उभं केल्याबरोबर उठून गेली. चौथे हे. आल्यापासून बसूनच होते, म्हणून जमलं.

मिल नंतर बंद पडली. भोंगा गेला. भाऊची मुलं, माझे भाचे, म्हणतात, आत्या, आमचे बाबा मिलमध्ये लागले असते तरी शेवटी घरीच बसले असते, कायले मनाले लावून घेतं. समजूत घालतात बिचारे. पण मिल बंद पडली ती खूप नंतर. मध्ये पगाराच्या किती पहिल्या तारखा होत्या, त्या किसनच्या घरी आल्या. आणि भाच्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे, जी सगळ्या गल्लीला माहीत होती तेवढी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार त्यांना माहीत नाहीत.

भाऊ गेला त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत पोचलो. अंगणात बायका बसल्या होत्या. वस्तीतलाच एक पोरगा बांबू आणायला निघाला होता, गाडी चालू करून थांबला आणि विचारू लागला, कोणाले अंदाज आहे का, किती उंच होते काका? भाचे एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी म्हणालं साडेपाच, कोणी म्हणालं कमी. आतून सुतळी आणायला एक जण उठला, मोजून घेऊ म्हणाला.

मी म्हटलं, मोजू नका. पाच फूट साडेचार इंच.

"जास्तीचाच आणतो आत्या," तो पोरगा म्हणाला. "कमी नाई पडला पाहिजे."